गाढवाचा दगड

टेंभूळगावच्या म्हसोबानं कवच टाकलं तेव्हा एकोणीसशे एकोणसाठ सालचा मार्गशीर्ष चालू होता. अकरा वर्षं दर अमावस्येला तेलात कालवलेला शेंदूर चढत आलेला. थरावर थर वाळून देवाच्या अंगावर चार बोटं जाडीची खोळ झाली होती. ती एका सकाळी तडकली आणि ढासळून खाली आली. यात भिण्यासारखं काही नसतं. कवच वाजतगाजत नदीला सोडायचं, येणाऱ्या अमावस्येला बोकड कापायचा आणि नवा शेंदूर चढवायचा, असा रिवाज आहे. तोवर देव उघडा असतो, म्हणून त्याच्यावर लाल कापड टाकतात. दगडाची लाज झाकायला आपण लोक फार तत्पर.

पण कापड पडायच्या आधी मच्छिंद्र गुरवानं देव नीट पाहून घेतला होता. त्याच दिवशी तो पाच मैल चालत जाफराबादेला गेला आणि जालन्याच्या हायस्कुलात मास्तर असलेल्या केशवला त्यानं पोस्टकार्ड टाकलं. "म्हसोबानं कवच सोडलं. खाली तासलेला दगड हाय. एक कोपरा तुटका. देवळातल्या खुंटाला बराबर बसल असं वाटून राह्यलं. अमावस्येच्या आत या. पुन्हा शेंदूर चढला की संपलं. कार्ड फाडून टाका."

केशवनं कार्ड फाडलं नाही. तो औरंगाबादच्या परिषदेची वळकटी बांधत होता, ती तशीच सोडून तो तिच्यावरच बसला आणि कार्ड तीनदा वाचलं. मग उजव्या मनगटातलं तांब्याचं कडं तो कितीतरी वेळ फिरवत राहिला.

ते कडं नवसाचं होतं. केशवच्या आईची मुलं जगत नव्हती. तिनं पिंपळगावच्या रेणुकाईला नवस बोलला, तेव्हा दोन जगली: थोरला श्रीपती आणि बारा वर्षांनी केशव. दोघांच्या उजव्या मनगटात तिनं पिळाची तांब्याची कडी घातली. आई-बाप लवकर गेले. केशवला वाढवलं ते श्रीपतीनं आणि त्याची बायको द्वारकाबाई हिनं. पोरानं शिकावं म्हणून तिनं अंगावरचा मणी न् मणी विकला आणि त्याचा उच्चार कधी केला नाही.

निजामाच्या राज्यात रझाकारांनी गावं पेटवायला सुरुवात केली, तसा श्रीपती हद्द ओलांडून बुलढाण्याकडच्या छावणीत गेला आणि बंदूक शिकून आला. अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात हैदराबाद पडलं. गावानं गुलाल उधळला. चौथ्या दिवशी श्रीपती नाहीसा झाला. काकासाहेब पाटलानं सांगितलं, "पळता पळता रझाकारांनी उचलून नेला. म्या या डोळ्यांनी पाह्यलं." पाटलानं पाहिलं म्हटल्यावर बाकी कोणी काही पाहिलेलं असायचं कारणच उरलं नाही. प्रेत मिळालं नाही. बायका द्वारकाबाईच्या बांगड्या फोडायला आल्या, तेव्हा ती चोवीस वर्षांची बाई चुलीतलं जळतं लाकूड घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "मढं दाखवा, मंग कपाळ पुसते."

अकरा वर्षं ते कपाळ पुसलं गेलं नव्हतं. तिला सवाष्ण म्हणून कोणी बोलवत नसे आणि विधवा म्हणायची कोणाची छाती नसे. पुनवेला ती दोन ताटं वाढायची. काकासाहेब तिचा मानलेला भाऊ झाला. दर भाऊबीजेला लुगडं घेऊन यायचा, पाटावर बसायचा, ती ओवाळायची. गाव म्हणायचं, माणूस असावा तर असा.

श्रीपती गेला त्याच पंधरवड्यात, सर्वपित्री अमावस्येला, देवळासमोरच्या लिंबाखाली म्हसोबा प्रकटला. काकासाहेबालाच दृष्टांत झाला होता. त्याच सुमारास महादेवाच्या हेमाडपंती देवळाच्या दारातला एक दगड नाहीसा झाला. गाव त्याला गाढवाचा दगड म्हणायचं. वर चंद्र-सूर्य, मध्ये सात ओळींचा लेख, खाली बाई आणि गाढव कोरलेलं. देवाच्या आसऱ्याला आलेल्याला जो हात लावील त्याच्या आईला गाढव, अशी आठशे वर्षांपूर्वीच्या कोण्या राजाची उघडी-नागडी शिवी होती ती. दगड पहारीनं उपटताना त्याचा खालचा कोपरा तुटून जमिनीत खुंटासारखा राहिला होता. "रझाकारांनीच फोडून नेला," काकासाहेब म्हणाला. रझाकारांनी पापं कमी केली नव्हती. त्या ढिगात आणखी दोन टाकली तर मोजतो कोण?

पण द्वारकाबाईला एक गोष्ट पक्की आठवत होती. श्रीपती गेला त्या दिवशी सकाळी तिनं देवळाच्या दारात दिवा लावला, तेव्हा तो दगड जागेवर होता, आणि दुसऱ्या सकाळी नव्हता. म्हणजे दगड आणि श्रीपती एकाच दिवशी गेले होते. दगड कोणी नेला आणि कशासाठी, हे कळलं की श्रीपतीचं काय झालं तेही कळणार होतं. केशवनं कार्ड खिशात घातलं, आणि चौदाव्या वर्षी आपल्या मास्तरांबरोबर त्या दगडावर ओला कागद चिकटवून शाईनं घेतलेला ठसा नळीत गुंडाळून बरोबर घेतला.

औरंगाबादला नवं विद्यापीठ निघून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. इतिहासाची परिषद भरली म्हणजे थाट काय विचारता! तीन प्रांतांचे विद्वान आले होते, आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी केशवनं त्या हरवलेल्या लेखावर निबंध वाचला. नागपूरचे प्राध्यापक मार्तंडराव, साठी उलटलेले, काडीसारखे बारीक, पहिल्या रांगेतून उठले.

"मूळ दगड कुठं आहे?"

"हरवला आहे."

"मग चौदा वर्षांच्या पोरानं घेतलेल्या ठशावर आम्ही विश्वास ठेवायचा? मास्तर, दगड दाखवा. दगड खोटं बोलत नाही."

सभा हसली. केशवला राग आला नाही. तो म्हणाला, "उद्या सहल आहे. वेरूळ सगळ्यांनीच पाहिलंय. माझ्या गावी चला, दगड दाखवतो." मार्तंडरावांनी लगेच हात वर केला, आणि म्हाताऱ्यानं केला म्हणून बाकीच्यांनी केला.

तिसऱ्या दिवशी अमावस्या. पहाटेच मोटार निघाली. जालन्याला चहा झाला, पुढं रस्ता संपून धूळ सुरू झाली, विद्वान एकमेकांच्या अंगावर आदळू लागले. केशव पुढच्या बाकावर नळी मांडीवर घेऊन बसला होता. गावात निरोप दिला होता तो दुपारी दोनचा. मोटार अकराला, शेंदूर चढायच्या आत पोचेल अशी त्यानं व्यवस्था केली होती. अकरा वर्षं आपण वहिनीला धीर देत आलो, 'येईल, येईल' म्हणत आलो, आणि आज आपण भाऊ जिवंत सापडेल म्हणून नाही चाललो, हे त्याला कळत होतं. आपलीच लाज वाटत होती.

मोटार लिंबाखाली थांबली आणि विद्वान उतरायला लागले त्याच क्षणी कोयता पडला. बोकडाचं मुंडकं एका घावात धडावेगळं झालं. रक्ताची चिळकांडी उडून एका प्राध्यापकांच्या धोतरावर गेली आणि ते तिथंच चाकाआड ओकायला बसले. धड धुळीत पाय झाडत राहिलं. कोयता कडूबाच्या हातात होता. हा काकासाहेबाचा जुना गडी. पाटील म्हणेल ते कापायचं एवढाच त्याचा धंदा.

"आता तर अकराच वाजून राह्यले! तुम्ही तर दोनला येनार होता!" काकासाहेब पुढं आला. पांढरी टोपी, पांढरा सदरा, गावचा सरपंच आता, मुक्तिसंग्रामातला सैनिक म्हणून भिंतीवर फोटो लावलेला. त्यानं हसून हात जोडले, पण नजर वळली ती लाल कापडाकडं. "मच्छिंद्रा, शेंदूर चढव जल्दी! पाव्हणे आले, देव उघडा हाय."

"तेल कमी पडलं, पाटील," मच्छिंद्र शांतपणे म्हणाला. "पोराला घाण्यावर धाडलंय." तेलाचा डबा त्याच्याच मागं होता, भरलेला. गुरवाच्या जातीला इतकं धिटाईचं खोटं बोलताना गावानं पहिल्यांदाच ऐकलं, पण ते खोटं आहे हे फक्त केशवला कळलं.

मार्तंडराव मात्र देवळात शिरले होते. खांबांवरची कीर्तिमुखं, छताचं कमळ, सगळं त्यांनी हातानं चाचपलं, पोरानं मिठाई चाचपावी तसं. दारात येऊन ते गुडघ्यावर बसले. जमिनीत तुटका कोपरा होता, पंजाएवढा. केशवनं नळीतून कागद काढला आणि पसरला. कागदाचा खालचा कोपरा त्या खुंटावर अचूक बसला. काळ्या शाईत गाढवाचा एक खूर होता, तोच खूर दगडावर होता.

"ठीक," मार्तंडराव म्हणाले. "उरलेलं कुठं आहे?"

केशव उठला. लिंबाकडं चालत गेला आणि त्यानं लाल कापड ओढून काढलं.

गर्दीतून एकच गलका उठला. बायकांनी डोळ्यांवर पदर घेतले. उघडा देव म्हणजे तीन फुटांचा सपाट तासलेला दगड होता, जमिनीवर आडवा, कोपरा तुटलेला. केशवनं ठशाचा कागद उलटा करून त्याच्यावर टाकला. कड कडेला मिळाली. तुटका कोपरा तुटक्या कोपऱ्याला मिळाला.

"हा म्हसोबा न्हाई," केशव म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "हा देवळातला गाढवाचा दगड हाय. पालथा घातलाय. रझाकारांनी नेला म्हन्ता, काकासाहेब, मंग हितं कोणी आनला?"

काकासाहेबाचा चेहरा एकदम राखेचा झाला. पण पाटील कच्चा नव्हता. त्यानं दोन्ही हात वर केले आणि ओरडला, "देव बाटवला! शहरातून बामनं आनून ह्यानं आपला देव बाटवला! बघून काय राह्यलात?"

गावाला विचार करायला वेळ लागतो, दगड उचलायला लागत नाही. पहिला धोंडा मोटारीच्या काचेवर बसला. दुसरा मार्तंडरावांच्या कपाळावर बसला आणि म्हातारा भिंतीला टेकून खाली घसरला. विद्वान मंडळी मोटारीत घुसली. तिथंसुद्धा आधी कोण यावरून रेटारेटी झाली. कडूबानं कोयत्याच्या मुठीनं केशवच्या पाठीत हाणलं. केशव दगडावर पडला. आणखी दोघंतिघं आले. लाथा बरगड्यांत बसू लागल्या, तोंडात माती आणि बोकडाचं रक्त गेलं. कोणीतरी त्याचे केस धरून डोकं दगडावर आपटलं. डोळ्यांपुढं अंधारी आली, तरी त्यानं दगड सोडला नाही. त्याला आता मार लागतच नव्हता. एकच गोष्ट दिसत होती: याच्या खाली आहे. काय आहे ते त्याला बोलवत नव्हतं, पण याच्या खाली आहे.

"पहार!" रक्तानं एक डोळा मिटलेले मार्तंडराव भिंतीजवळून ओरडले. "मास्तर, तुमच्या डाव्या हाताला पहार आहे! दगड उलटा!"

देवाचा नवा झेंडा रोवायला आणलेली पहार खरंच हाताशी होती. केशवनं ती आडवी फिरवली. कोणाच्या तरी नडगीचं हाड कडकन मोडलं आणि माणूस किंचाळत मागं कोसळला. वर्तुळ फाकलं. केशवनं पहार दगडाखाली घातली, तिच्यावर छाती टेकली आणि सगळं वजन टाकलं. मच्छिंद्र गुरव धावत आला आणि त्यानंही खांदा लावला. दगड उचलला गेला, क्षणभर कडेवर उभा राहिला आणि धाडकन उताणा पडला.

चंद्र. सूर्य. सात ओळी. आणि खाली बाई आणि गाढव.

हातातले धोंडे हातातच राहिले. "अगं माय," एक म्हातारी म्हणाली, "हा तर गाढवाचा दगड." लहान पोरांनी तो कधी पाहिलेला नव्हता, पण विशीच्या पुढचा प्रत्येक जण त्याला ओळखत होता. अकरा वर्षं त्यांनी ज्याला बोकड दिले, लेकरांची जावळं वाहिली, त्याच्या पोटात हे होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं गावाला.

केशव त्यांच्याकडं बघत नव्हता. दगडाखालची माती भुसभुशीत होती. तो दोन्ही हातांनी ती उपसत होता. हातभर खाली बोटांना हाड लागलं. कवटी लागली, कानामागं फुटलेली. मग एका हाताची हाडं. ती बाकीच्या हाडांपासून सुटी, वीतभर दूर पडलेली होती, कोपराच्या वर तोडलेली. मनगटाच्या हाडांत हिरवं पडलेलं तांब्याचं कडं होतं, पिळाचं.

केशवनं ते आपल्या कड्याशेजारी धरलं. एक लाल, एक हिरवं, पीळ तोच. त्याच्या तोंडून आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता. जनावराला भाल्यानं टोचावं तसा होता. मोटारीतल्या विद्वानांनी कानांवर हात ठेवले.

तो पहार घेऊन उठला आणि सरळ कडूबाकडं गेला. कडूबाच्या हातात कोयता होता, पण त्यानं तो टाकून दिला आणि गुडघ्यावर बसला.

"मास्तर, म्या फक्त पाय धरल्ते! देवाशप्पथ, फक्त पाय!"

"चूप, कुत्र्या!" काकासाहेब गरजला.

"न्हाई आता चूप बसनं व्हत, पाटील. रोज सपनात येतो त्यो." कडूबा जमिनीवर डोकं आपटू लागला. "दस्तगीर पिंजाऱ्याची बायका-पोरं गाभाऱ्यात लपल्ती, मास्तर. गाव पेटलं व्हतं, मुसलमान दिसला की कापायचा. आम्ही आल्तो कुऱ्हाडी घेऊन. शिरपतदादा दारात उभा. म्हने, आपलं भांडन निजामासंगं व्हतं, पिंजाऱ्यासंगं न्हाई. त्यानं तर तुमच्या गाद्या भरल्या. दाराची कडी धरून ठेवली. सोडना. पाटील म्हने सोड, त्यो म्हने न्हाई. मंग पाटलानं हातच तोडला. तरी बी दुसऱ्या हातानं धरली. मंग डोस्क्यात घातली. म्या पाय धरल्ते, बस. दगड उपटून वर टाकला. पाटील म्हने, याच्यावर शेंदूर टाकला की कोन्ही उकरनार न्हाई."

"आणि पिंजाऱ्याची पोरं?"

"मागच्या झरोक्यातून नदीत उतरली. आम्ही ह्याच्यातच गुंतलो तवर समदी निसटली. जित्ती गेली, मास्तर. एक बी घावलं न्हाई."

केशवनं वळून पाहिलं. काकासाहेब पळत नव्हता. पाटील पळत नसतो, त्याला सवय नसते. तो घामानं निथळत, टोपी हातात घेऊन उभा होता.

"त्या टायमाला समदेच पागल झाल्ते, केशव," तो म्हणाला. "मी एकटाच व्हतो का? इच्यार ह्यांना. मागून म्या काय कमी केलं? तुझ्या भावजयीला बहीन मानली. अकरा वर्सं—"

पहारीचा घाव मांडीवर बसला आणि काकासाहेब बोकडाच्या रक्तात आडवा झाला. केशव त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला. पहार फेकली, कडूबानं टाकलेला कोयता उचलला. खालचा माणूस आता पाटील नव्हता, सरपंच नव्हता, नुसता गळा होता. केशवनं कोयता उंच धरला, तोही वर्गात पोरांना अहिंसा शिकवणाऱ्या हातानं.

"थांबा, भावजी."

गर्दी दुभंगली होती. मध्ये द्वारकाबाई उभी होती. आज अमावस्या, म्हणून ती नेहमीसारखी म्हसोबाला आली होती. हातात ताट, ताटात नारळ, तेलाची वाटी, शेंदूर. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती किती वेळ तिथं होती कोण जाणे. तिनं ताट खाली ठेवलं, खड्ड्याच्या काठाशी बसली. हाडं पाहिली. सुटा हात उचलून मांडीवर घेतला आणि पदरानं कड्यावरची माती पुसली, जेवायला बसलेल्या माणसाचा हात पुसावा तशी.

"हितंच व्हता," ती म्हणाली. "म्या दर अमावस्येला येऊन ह्याच्याच उरावर शेंदूर लावायची. आन् ह्यालाच म्हनायची, माझा माणूस घरी धाड."

ती उठून काकासाहेबाजवळ आली.

"दादा," ती म्हणाली. अकरा वर्षांची सवय, दुसरं काही तोंडात आलंच नाही. "आमच्यात नवरा मेल्यावर दुखवट्याचं लुगडं माहेरचा भाऊ आनतो. तुम्हाला ठावं व्हतं न? मंग हिरवी लुगडी का आनली? दर साली हिरवं. हिरवंच का आनलं, दादा?"

"द्वारके, चूक झाली," काकासाहेब म्हणाला. "तुझ्या पाया पडतो." खरंच त्यानं उजवा हात तिच्या पायाकडं लांबवला.

केशवला वाटलं, ती आता माफ करणार. बायका करतात, आणि आपण त्यावर मोठमोठे निबंध लिहितो. तिनं त्याच्या मुठीतून कोयता काढून घेतला तेव्हाही त्याला तेच वाटलं, म्हणून त्यानं मूठ सैल सोडली.

पहिला घाव तिनं त्या लांबवलेल्या हातावर घातला, कोपराच्या वर. अकरा वर्षं जात्याचा खुंटा ओढलेला हात होता तिचा. हाड एका घावात तुटलं. तिच्या हातातल्या बांगड्या फुटल्या आणि मनगटात रुतल्या. काकासाहेब ओरडला तो आवाज नदीपलीकडच्या शेतात ऐकू गेला म्हणतात. दुसरा घाव घालायला तिनं कोयता उचलला, पण मग खाली पाहिलं आणि म्हणाली, "न्हाई. त्यानं दुसऱ्या हातानं बी कडी धरली व्हती. तुमच्याकडून ते व्हनार न्हाई." तिनं कोयता टाकला आणि परत खड्ड्याशी जाऊन बसली.

मार्तंडरावांनी स्वतःच्या कपाळाला बांधलेलं उपरणं सोडून काकासाहेबाच्या दंडाला आवळलं. विद्वानांच्या मोटारीत, फुटक्या काचांवर, त्याला निजवलं आणि मोटार जाफराबादेच्या दवाखान्याकडं सुटली. आठशे वर्षांपूर्वीचा लेख तसाच उघडा पडून राहिला. त्याच्याकडं बघायला आता एकाही विद्वानाला वेळ नव्हता. एकटे मार्तंडराव मागं राहिले, देवळाच्या दारात, त्या तुटक्या खुंटाजवळ, कपाळाचं रक्त गळू देत. केशव त्यांच्यापाशी आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मी उगाच म्हणालो, दगड दाखवा."

उन्हं कलायच्या आत फौजदार दोन शिपाई घेऊन आला. काकासाहेब वाटेतच गेला होता. जाफराबाद मैलावर असताना त्यानं पाणी मागितलं आणि पाणी मिळायच्या आत संपला. बेडी एकच आणली होती, ती कडूबाला घातली. द्वारकाबाईचे हात बांधायला कोतवालानं बोकडाचंच दावं घेतलं. तिनं स्वतः हात पुढं केले, मनगटं एकावर एक ठेवून.

फौजदारानं कागद काढला. "मयताचं आणि तुमचं नातं?"

"भाऊ," ती म्हणाली.

फौजदारानं खड्ड्याकडं बोट केलं. "आणि हे?"

"मालक."

फौजदाराची लेखणी थांबली. त्यानं टोपी काढून घाम पुसला आणि लिहिलं. केशव तिच्यासमोर उभा होता. ओठ फुटलेला, बरगड्या मोडलेल्या, दोन्ही मनगटांत कडी. भावाचं कडं त्यानं डाव्या हातात चढवलं होतं. त्याला सांगायचं होतं की मी औरंगाबादचा मोठा वकील देईन, तुला फाशी होऊ देणार नाही, कोर्टात स्वतः उभा राहीन.

"वहिनी," तो एवढंच म्हणाला.

"भावजी, येक काम करा." ती त्याच्याकडं न बघता खड्ड्याकडं बघत होती. "म्या म्हनलं व्हतं, मढं पाह्यलं की कपाळ पुसन. आता पाह्यलं. पर हात बांधलेत माझे. तेवढं पुसून द्या."

केशव मागं सरला. "न्हाई, वहिनी. राहू द्या. आता कशाला? कोणी काही म्हनणार न्हाई."

"लोकांसाठी न्हाई पुसत," ती म्हणाली. "अकरा वर्सं म्या त्याला घरी बलावून राह्यले. दमला आसल त्यो. आता त्याला जाऊ द्या."

तिनं चेहरा वर केला आणि डोळे मिटले, लहान पोर तोंड धुवायला करतं तसं. केशवनं सदऱ्याची बाही ओढली. बाहीला रक्त होतं, माती होती, ठशाची शाई होती. स्वच्छ जागा त्याला सापडेना. शेवटी त्यानं नुसत्या अंगठ्यानं ते कुंकू पुसलं. पुसलं तरी डाग गेला नाही. अकरा वर्षं एकाच जागी, दिवसातून दोनदा बोट टेकून, खालची कातडीच काळी पडली होती.

"गेलं का?" तिनं विचारलं.

"गेलं," तो म्हणाला, आणि पुसत राहिला.